दोन केबीचं बेसिक

माझं छोटंसं टूल मी सहा महिने लॅपटॉपमध्येच दडवून ठेवलं होतं. बग निघाले तर लोक हसतील ना! मग टायनी बेसिकची गोष्ट वाचली.

साल १९७६. अनेकांच्या घरच्या कॉम्प्युटरला मेमरी जेमतेम ४ केबी. ली-चेन वँग यांनी २ केबीत मावणारं बेसिक लिहिलं आणि अख्खा कोड ‘डॉक्टर डॉब्ज जर्नल’मध्ये छापायला दिला. ‘सर्व हक्क राखीव’च्या जागी गमतीनं लिहिलं, ‘कॉपीलेफ्ट, ऑल राँग्ज रिझर्व्ड’! डाउनलोड कुठलं? वाचक कोड हातानं टाइप करायचे. त्याच वर्षी रॉजर रॉस्कॉल्ब यांनी त्यात सुधारणा करून तो पुन्हा छापला.

म्हणजे खरं टेस्टिंग दुसऱ्याच्या हातात गेल्यावरच सुरू होतं. काल मीही टूल मोकळं केलं. वीस मिनिटांत पहिला बग आला. हसलं मात्र कुणीच नाही. तुमचं काय अडलंय?