विद्यार्थ्यांसाठी लॅपटॉप : निवड आणि विवेक

(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कारसमारंभ आपण आताच पाहिला. त्यांपैकी बहुतेकांच्या घरी लवकरच एक प्रश्न उपस्थित होणार आहे : कॉलेजसाठी लॅपटॉप कोणता घ्यावा? मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक निवृत्त शिक्षक. या यंत्राचा तज्ज्ञ नव्हे. तथापि ज्ञातीतील अनेक पालक हा प्रश्न घेऊन मजकडे येतात. त्या निमित्ताने जे वाचले व जाणत्यांना विचारून घेतले, ते कार्यकारी मंडळाच्या आज्ञेवरून आपणांपुढे ठेवीत आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट बोलतो. मुलगा म्हणतो, ‘अभ्यासासाठी हवा.’ त्यावर खेळही खेळले जाणार हे वडिलांना ठाऊक असते. परंतु दोघेही त्याविषयी अवाक्षर काढीत नाहीत. मग एखादे वडील खेळ टळावेत म्हणून अगदीच साधे यंत्र आणतात आणि ते अभ्यासासही पुरत नाही. दुसऱ्या घरी ‘कोर्सला लागतो’ या एका वाक्यावर लाखाचे यंत्र येते आणि हप्ते फेडता फेडता घर मेटाकुटीस येते. खेळ हे काही पाप नव्हे. सबब घरात बसून, उघडपणे, दोन प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहावीत : अभ्यासक्रमास कोणती सॉफ्टवेअरे लागतात, आणि खेळ कोणते खेळावयाचे आहेत?

उत्तराप्रमाणे यंत्र ठरते. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यास टॅली व एक्सेल पुरेसे असते. त्यास साधारण यंत्र चालते. यंत्र-अभियांत्रिकीत सॉलिडवर्क्ससारखे सॉफ्टवेअर लागते. टॅली काय किंवा सॉलिडवर्क्स काय, दोन्ही विंडोजकरिता केलेली आहेत. केवळ ऐट म्हणून ॲपलचा मॅकबुक घेणाऱ्याने हे आधी ध्यानात घ्यावे. खेळांतही असाच भेद आहे. ‘व्हॅलोरंट’ हा खेळ बेताच्या यंत्रावर चालतो. ‘सायबरपंक २०७७’ सारख्या खेळास स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड हवेच.

आता मुख्य सूत्र सांगतो. जे मागाहून बदलता येत नाही, त्यावर पैसा आधी खर्च करावा. घराचा पाया एकदाच भरला जातो. रंगकाम पुढच्या दिवाळीस करता येते. लॅपटॉपमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड हा पाया होय, आणि पडदाही बदलावयाचा म्हटल्यास महाग पडतो. रॅम आणि साठवणीची एस.एस.डी. ही पुष्कळ यंत्रांत पुढे वाढविता येतात.

प्रोसेसरचे केवळ नाव पाहू नये. नावातील अक्षरे व अंक वाचावेत. शेवटी ‘यू’ असेल तर तो वीज वाचविणारा, ‘एच’ असेल तर जड कामाचा. ए.एम.डी. कंपनीच्या रायझन सात हजारी मालिकेत तिसरा अंक रचनेची पिढी सांगतो. ‘७५२०’ मधील २ म्हणजे २०१९ साली बाजारात आलेली रचना. ‘७६४०’ मधील ४ म्हणजे तिच्याहून पुष्कळ नवी. जुना माल नव्या नावाने विकला जातो तो असा.

ग्राफिक्स कार्डाचेही तसेच. २०२५ साली आर.टी.एक्स. ३०५० असलेली यंत्रे साधारणतः ६० हजारांच्या आसपास, व ४०५० असलेली ७५ हजार व त्यापुढे मिळत होती. परंतु ४०५० हेच कार्ड एका यंत्रात ३५ वॅटवर, तर दुसऱ्यात ११५ वॅटपर्यंत चालविलेले असू शकते. नाव एकच, कामात मात्र मोठे अंतर. यास्तव ‘किती वॅट?’ हे दुकानदारास विचारल्यावाचून पैसे मोजू नयेत.

पडद्याच्या जाहिरातीत १४४ हर्ट्झ हा आकडा ठळक असतो. रंगांचा आकडा मात्र कोपऱ्यात असतो. ‘४५ टक्के एन.टी.एस.सी.’ असे लिहिले असल्यास रंग फिके दिसणार असे समजावे. रॅम १६ जी.बी. असावी. ८ जी.बी.चे यंत्र घ्यावयाचे झाल्यास आत रिकामी जागा आहे काय, की रॅम पाटीवरच डाख देऊन बसविली आहे, हे पाहावे. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कारखानदारीमुळे रॅमचे भाव फार चढले. म्हणून ती पुढे वाढविण्याचा हिशोब खरेदीच्या दिवशीच करावा.

खेळांचे लॅपटॉप बहुधा सव्वादोन किलोंच्या घरात असतात, त्यात चार्जरचे ओझे वेगळे. आणि विजेला जोडल्यावाचून ते पूर्ण शक्तीने चालत नाहीत. लोकलने रोज प्रवास करणाऱ्या विद्यार्थ्याने हे ध्यानी घ्यावे. वापरलेले यंत्र घेण्यातही कमीपणा नाही. मात्र विंडोज १० ची सर्वसाधारण देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. म्हणून इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वीचे यंत्र, स्वस्त मिळाले तरी, घेऊ नये.

पैशाविषयी दोन शब्द. ‘बिनव्याजी हप्ता’ या शब्दास भुलू नये. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नाही, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावले आहे. रोखीची सूट किती मिळते ते विचारले की व्याज कोठे दडले आहे ते कळते. शैक्षणिक कर्ज घेणारच असाल, तर अभ्यासक्रमास आवश्यक अशा संगणकाचा खर्च त्यात धरता येतो काय, हे बँकेत अवश्य विचारावे. पक्के बिल घ्यावे. फसवणूक झाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर तक्रार करता येते.

शेवटी एक विनंती. पुष्कळ घरांत मुलास नवा लॅपटॉप मिळतो आणि मुलीस ‘मोबाइलवर भागव’ असे सांगितले जाते. आजच्या सत्कारात मुलींची नावे किती होती, ते आपण ऐकलेच आहे. मोबाइलच्या चिमुकल्या पडद्यावर प्रकल्पाचा अहवाल लिहिणे म्हणजे पाटीच्या तुकड्यावर परीक्षा देणे होय. मुलाच्या खेळासाठी जे १५–२० हजार अधिक जातात, त्यांत थोडी भर घातली तर बहिणीस वापरलेले पण सुस्थितीतील यंत्र येऊ शकते. कागदावर घरचा हिशोब मांडाल तेव्हा तिचेही नाव त्यावर असावे, एवढेच मागणे आहे.