तोंडातली गाठ लपवू नका
(तिरुविसनल्लूर येथे केलेले भाषण)



तंजावरच्या व्यंकोजीराजांचे पुत्र शहाजीराजे यांनी १६९३ साली हे गाव ४६ विद्वानांना दिले. इतक्या दूर आपली माणसे भेटली, म्हणून मनातले बोलतो.

आमच्या गालाला आतून गाठ आली होती. दोन महिने आम्ही ती लपवली. ड्यूटीवर जिभेने चाचपायची, घरी दार लावून आरशात पाहायची. तंबाखूचा बार आम्हीही भरत होतो. कर्करोग निघाला तर? मेडिकलला अनफिट झालो तर? शेवटी दाखवली. तुकडा काढून तपासला. वारंवार दात लागून झालेली साधी गाठ निघाली.

सगळ्यांचेच असे होत नाही. शरद पवारांना २००४ साली तोंडाचा कर्करोग झाला. उपचार घेऊन ते पुन्हा कामाला लागले. आर. आर. आबा २०१५ साली त्याच रोगाने गेले.

म्हणून सांगतो. गाठ, न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा दोन आठवड्यांत गेला नाही, किंवा तोंड पूर्वीइतके उघडेना, तर डॉक्टरांना दाखवा. तपासणीसाठी तुकडा काढला की रोग पसरतो, ही समजूत खोटी आहे. नोकरीचे भय नको. एका कामाला अनफिट ठरलेल्या रेल्वे कामगाराला पर्यायी काम देण्याचा नियम आहे, आणि तो पाळला जावा म्हणूनच युनियन आहे.

रुळाला तडा दिसला की आपला गँगमन लाल झेंडी दाखवतो, ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हणत नाही. स्वतःच्या जिवासाठीही तेवढेच करा. तंबाखूची डबी आजच टाका.