हकलबेरीचे रान

माणसाने पुष्कळशी फळझाडे रानातून आणून आपल्या मळ्यात वसविली. परंतु काही झाडांनी डोंगर सोडून येण्याचे नाकारले. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या वायव्येस, वॉशिंग्टन, ओरेगॉन, आयडाहो आणि मोंटाना या राज्यांच्या पर्वतांत होणारी हकलबेरी ही अशांपैकी एक होय. आयडाहोने २००० साली तिला राज्याचे फळ म्हणून मान दिला. तिची लागवड करण्याचे प्रयत्न झाले, पण बाजारात येणारी हकलबेरी आजही बहुतांशी रानातूनच तोडून आणलेली असते.

ब्लूबेरी ही तिची जवळची बहीण, आणि हिमालयात वसंत ऋतूत लाल फुलांनी बहरणारा बुरांस हा तिच्याच कुळातला. हकलबेरीचे झुडूप साधारणतः कंबरेइतके वाढते. फळ वाटाण्याएवढे, पिकल्यावर गर्द जांभळे किंवा काळसर, आणि चवीला आंबटगोड. करवंदाच्या जाळीत शिरलेल्या मुलाप्रमाणेच हकलबेरी खाणाऱ्याची जीभ आणि बोटे त्याची चोरी उघड करतात. मात्र तिची फळे घोसाने लागत नाहीत. पानांच्या बगलेत एकेक फळ लटकते, म्हणून ती तोडण्याचे काम सावकाशीचे असते. घाईच्या माणसाने दाताळे वापरले, तर फळांबरोबर कच्ची फळे, पाने आणि कोवळ्या फांद्याही ओरबाडल्या जातात. हाताने खुडणे हाच खरा मार्ग.

ही फळे शोधावी कोठे? सुमारे तीन हजार ते सहा हजार फुटांच्या दरम्यान, जेथे हिवाळ्यात बर्फाचे जाड पांघरूण असते अशा उतारावर. खालच्या उन्हाच्या बाजूला फळे आधी पिकतात. मग ऑगस्टभर आणि सप्टेंबरात हंगाम हळूहळू वर चढत जातो. जाणते लोक त्याच्या मागोमाग डोंगर चढतात आणि आपली जागा सहसा कोणास सांगत नाहीत. अस्वलेही याच सुमारास हिवाळ्यापूर्वी अंगावर चरबी साठविण्यासाठी तेथे येतात; म्हणून झुडपांत शिरणारा माणूस मुद्दाम मोठ्याने बोलत राहतो.

परंतु सर्वांत महत्त्वाची खूण म्हणजे जुना वणवा. दाट झाडीच्या सावलीत हे झुडूप जगते खरे, पण फळ फार थोडे देते. आगीने वरच्या फांद्या जळाल्या, तरी जमिनीखाली आडवे पसरलेले खोड शाबूत राहते व त्यातून नवे कोंब फुटतात. काही वर्षांनी त्या उघड्या उतारावर झुडपे फळांनी लदलेली दिसतात. हे रहस्य तेथील मूळच्या रहिवाशांना फार पूर्वीच उमगले होते. याकामा व त्यांचे शेजारी तोडणी संपल्यावर शरद ऋतूत निवडक माळांना आग लावीत. हिवाळ्यासाठी फळे वाळविण्याची त्यांची पद्धतही आगीचीच होती. पडलेला जुना ओंडका धुमसत ठेवून त्याच्यासमोर चटयांवर फळे पसरावयाची. अशा वाळवणीचे चर त्या रानात आजही आढळतात. हंगामातील पहिल्या फळांचा सण साजरा झाल्यावाचून तोडणीला प्रारंभ करू नये, असा त्यांचा दंडक. त्यांच्या भाषेत या फळाचे नाव विव्नू.

१८५५ साली याकामांनी अमेरिकन सरकारशी तह केला आणि आपली बरीचशी भूमी सोडून दिली. परंतु मोकळ्या रानात कंदमुळे व फळे गोळा करण्याचा हक्क त्यांनी त्या तहात राखून ठेवला. पुढे १९१० साली आयडाहो व मोंटाना येथे प्रचंड वणवा पेटला, आणि त्यानंतर प्रत्येक आग तत्काळ विझवावयाची हेच वनखात्याचे धोरण ठरले. फळांचे माळ ज्या आगीवर जगत होते, तीच आता गुन्हा ठरली.

त्यात १९२९ नंतरची महामंदी आली. रोजगार गमावलेली कुटुंबे हकलबेरी विकून चार पैसे मिळविण्यासाठी माउंट ॲडम्सच्या नैर्ऋत्येकडील सॉटूथ माळांवर लोटली. पिढ्यान्‌पिढ्या तेथे येणाऱ्यांना आपल्याच जागी जागा उरेना. तेव्हा १९३२ साली याकामांचे प्रमुख विल्यम यालप आणि वनाचे अधिकारी जे. आर. ब्रुकार्ट यांची भेट झाली. सुमारे २,८०० एकरांचा भाग मूळच्या रहिवाशांच्या तोडणीसाठी राखावा असे ठरले. त्यावर सह्याशिक्के झाले नाहीत. दोघांनी हस्तांदोलन केले, एवढेच. तो शब्द अद्याप पाळला जातो, आणि राखीव भागाच्या कडेला तशा पाट्या उभ्या आहेत.

मात्र पाटी लावल्याने माणूस थांबतो, झाड थांबत नाही. आग बंद झाल्यामुळे फर आणि इतर सूचिपर्ण वृक्ष माळांवर चालून आले व एकेकाळचे विस्तीर्ण माळ आक्रसत गेले. अलीकडे वनखाते आणि याकामा मिळून काही ठिकाणी झाडे काढतात, तर काही ठिकाणी विचारपूर्वक आग लावतात. ज्यांना एके काळी आगीसाठी दोष दिला, त्यांचेच ज्ञान आता खात्याला हवे आहे. दुसरीकडे व्यापारी मागणी वाढतच गेली, आणि अखेर २०२५ च्या हंगामात तेथील व्यापारी तोडणीचे परवाने स्थगित करावे लागले. घरापुरती फळे नेण्यास मुभा राहिली.

जंगल राखणे म्हणजे त्याला हात न लावणे, अशी एक समजूत सर्वत्र आहे. हकलबेरीचे रान ती खोटी ठरविते. हे फळ कोणी पेरीत नाही, तरी त्याची विपुलता माणसाच्या मेहनतीची आणि संयमाची आहे. वेळेवर लावलेली आग, सणापर्यंत आवरलेला हात, आणि दुसऱ्यासाठी सोडलेली जागा, यांतली एकही गोष्ट सुटली तर माळावर झुडपे राहतील; टोपली मात्र रिकामी परत येईल.