इंद्रियांची साक्ष

वर्धा जिल्ह्यातील हिंगणी गावाजवळ बोरचे जंगल आहे. २०१४ साली व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळालेल्या या जंगलात वाघ, चितळ, वानर आणि माणूस एकाच वाटेवर येतात. पण ती वाट सर्वांना सारखी दिसत नाही. इंद्रियांमुळे वास्तवाचे खरे ज्ञान होते का, हा जुना प्रश्न येथे डोळ्यांसमोर उभा राहतो.

रंग ओळखणाऱ्या पेशी माणसाच्या डोळ्यांत तीन प्रकारच्या असतात, चितळाच्या डोळ्यांत दोनच प्रकारच्या. माणसाला केशरी दिसणारा वाघ चितळाच्या नजरेत हिरव्या झुडपांत मिसळून जातो. वानराची दृष्टी मात्र माणसासारखी त्रिरंगी आहे. झाडावरून त्याला वाघ दिसतो, ते खाकरते, आणि खाली चरणारा कळप वाघ न पाहताच सावध होतो. चितळाचा डोळा रंगाविषयी थोडे सांगतो, पण जे सांगतो ते खोटे नसते.

ज्ञानाच्या अशा साधनांना भारतीय दर्शनांत प्रमाणे म्हणतात. चार्वाकांनी प्रत्यक्ष एवढेच प्रमाण मानले. न्यायदर्शनाने त्याला अनुमान, उपमान आणि शब्द यांची जोड दिली. ओल्या मातीतला पंजा पाहून वाघ गेल्याचे वनरक्षक ओळखतो, ते अनुमान. पण त्यासाठीही पंजा आधी दिसावाच लागतो.

इंद्रिये फसवतात असे म्हणणारे मृगजळाचा दाखला देतात. विदर्भातल्या मे महिन्यात डांबरी रस्त्यालगतची हवा तापून विरळ होते, आकाशाचा प्रकाश तिच्यातून वाकून डोळ्यांत येतो आणि दूरवर पाणी चमकल्याचा भास होतो. हेच दृश्य कॅमेराही टिपतो, ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. डोळ्याने आलेला प्रकाश बरोबर घेतला. ‘ते पाणी आहे’ हा निर्णय चुकला. न्यायसूत्रांनी प्रत्यक्षाच्या व्याख्येतच ‘अव्यभिचारी’, म्हणजे वस्तूला सोडून न जाणारे, अशी अट घातली आहे, आणि तिचे स्पष्टीकरण करताना भाष्यकार वात्स्यायनाने उन्हाळ्यातील मृगजळच घेतले आहे. मग ज्ञान अव्यभिचारी आहे हे कळावे कसे? नैयायिकांचे उत्तर असे, की त्या ज्ञानानुसार कृती केल्यावर ती फळते की नाही हे पाहावे. पाणी समजून पुढे गेलेल्याची तहान भागत नाही, तेव्हा चूक कळते. ती उघडी पाडणारीही इंद्रियेच असतात. हे उत्तर आजही भक्कम वाटते.

वाघांच्या गणनेत देशाला हा अनुभव आला. अनेक वर्षे पंजाच्या ठशांवरून वाघ मोजले जात. ठसा मातीच्या पोतानुसार आणि वाघाच्या चालीनुसार बदलतो, तरी अनुभवी नजर प्रत्येक वाघ वेगळा ओळखते असे गृहीत धरलेले होते. राजस्थानातील सरिस्का अभयारण्यात एकही वाघ उरला नसल्याचे २००५ मध्ये स्पष्ट झाले आणि या मोजणीवरचा विश्वास उडाला. ठसा खरा होता. त्यावरून काढलेला आकडा तपासलेला नव्हता. २००६ च्या गणनेपासून कॅमेरा ट्रॅपचा आधार घेतला जातो. प्रत्येक वाघाचे पट्टे निराळे असतात, एकाच वाघाच्या दोन कुशींवरचेही जुळत नाहीत. म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरे लावतात. छायाचित्रे संगणकाच्या मदतीने पडताळली जातात, आणि कॅमेऱ्यासमोर न आलेल्या वाघांचा अंदाज संख्याशास्त्राने बांधला जातो.