शाळेची सहल : लोथलचा एक दिवस

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त अहमदाबाद येथे पालकांपुढे दिलेले व्याख्यान)



या व्यासपीठावरून आपण संतसाहित्यापासून नाट्यसंगीतापर्यंत अनेक थोर विषय ऐकले आहेत. माझा विषय त्या मानाने अगदी घरगुती आहे. या शहरातील एका गुजराती माध्यमाच्या शाळेत मी तीस वर्षे सामाजिक विज्ञान शिकविले आणि जवळजवळ दरवर्षी सहावी ते आठवीची मुले सहलीस नेली. ‘सहल’ हा आपला शब्द. येथील शाळा त्याला ‘प्रवास’ म्हणतात, आणि मला विचाराल तर तो शब्द अधिक जबाबदारीचा आहे. सहलीला माणूस सहज निघतो. प्रवासाला निघताना तयारी करावी लागते.

१८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीस आलेल्या मुलांची नाव उलटली. बारा विद्यार्थी आणि दोन शिक्षिका बुडून गेल्या. नावेत क्षमतेहून अधिक मुले बसविली होती आणि कित्येकांच्या अंगावर जीवरक्षक जाकिटे नव्हती. त्या दिवसापासून आपल्यापैकी अनेक आयांनी मला एकच प्रश्न विचारला आहे: “बाई, संमतिपत्रावर सही करावी की नाही?” या प्रश्नाला ‘करा’ किंवा ‘करू नका’ असे एका शब्दात उत्तर देणे मला बरे वाटत नाही. सहीपूर्वी शाळेला काय विचारावे, एवढे मी सांगू शकते. त्यासाठी मी माझ्या ओळखीचे एकच ठिकाण घेते, ते म्हणजे लोथल.

लोथल येथून सुमारे ऐंशी किलोमीटरवर, भाल प्रदेशात, सरगवाला गावाजवळ आहे. नावाचा अर्थ गुजरातीत ‘मृतांचा टेकाडा’ असा सांगतात. आपल्याला तो समजावून द्यावा लागत नाही, कारण रणात ‘लोथी’ पडल्याचे आपणही ऐकत आलो आहोत. १९५४ साली या स्थळाचा शोध लागला आणि १९५५ पासून पुढे काही वर्षे एस. आर. राव यांच्या देखरेखीखाली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने तेथे उत्खनन केले. मणी घडविण्याचा कारखाना, गटारांची रचना, विहिरी, वखारीचा चौथरा आणि भाजक्या विटांनी बांधलेला एक प्रचंड हौद एवढे तेथे पाहावयास मिळते. हा हौद सुमारे २१५ मीटर लांब आणि ३६ मीटर रुंद आहे.

आता सर्वसामान्य शाळेची योजना कशी असते ते पाहा. पहाटे पाचला बस. सकाळी नळसरोवर, तेथे नौकाविहार, दुपारी लोथल, वाटेत एखादे देवस्थान, परतताना जमल्यास एखादे करमणुकीचे उद्यान. ‘एवढे भाडे देतोच आहोत, तर सगळे होऊन जाऊ दे,’ असे मुख्याध्यापकांइतकेच पालकही म्हणतात, हे येथे नम्रपणे नमूद करते. लोथलच्या वाट्याला मग दुपारी एकचे ऊन आणि चाळीस मिनिटे येतात. तेथे झाड विरळा. पोर सावली शोधते, पाणी पिते, फलकासमोर छायाचित्र काढते आणि बसमध्ये जाऊन बसते. संध्याकाळी घरी तुम्ही विचारता, “काय पाहिलेस?” ते सांगते, “विटा.” त्यात त्याचा काहीही दोष नाही. विटाच तर होत्या.

माझी पहिली अट अशी की एका दिवसात एकच ठिकाण. नळसरोवर मला अतिशय प्रिय आहे. हिवाळ्यात तेथे उतरणारे रोहित पक्षी प्रत्येक मुलाने आयुष्यात एकदा तरी पाहावेत. परंतु त्यासाठी वेगळा दिवस, वेगळी तयारी आणि नावेसंबंधी वेगळा निर्णय हवा. ‘जाता जाता’ म्हणून पाण्यावर मुले नेऊ नयेत. नाव किती माणसांची, प्रत्येकाला अंगाबरोबर बसेल असे जाकीट आहे काय, आणि नसल्यास ‘आम्ही काठावरूनच पाहू’ असे सांगण्याचे धैर्य बरोबरच्या शिक्षकात आहे काय, हे घरून निघण्यापूर्वी ठरलेले असावे. काठावर पोहोचल्यावर पन्नास मुले नावेसाठी गलका करीत असतात, नावाडी घाई करतो, आणि तेव्हा कोणाच्याच डोक्यात विचार राहत नाही.

दुसरी अट पूर्वपाहणीची. मुलांना नेण्यापूर्वी शिक्षकाने स्वतः त्या ठिकाणी जाऊन आलेच पाहिजे, आणि तेही त्याच वर्षी. तेथील संग्रहालय शुक्रवारी बंद असते ही माहिती घरबसल्या मिळते. परंतु स्वच्छतागृहात पाणी आहे काय, दारांना आतून कडी आहे काय, हे तेथे जाऊनच कळते. हा विषय सभेत काढल्याबद्दल मला क्षमा करण्याचे कारण नाही. सातवी-आठवीच्या कित्येक मुली केवळ या एका कारणाने सहलीस येत नाहीत, आणि घरी दुसरेच कारण सांगतात. स्वच्छतागृह चांगले नसेल तर वाटेतील कोठल्या पेट्रोलपंपावर किंवा शाळेत सोय होईल ते पाहून ठेवावे, एका शिक्षिकेकडे आवश्यक ते सामान द्यावे आणि मुलींना ते आधी सांगावे. अलीकडे लोथलजवळ राष्ट्रीय सागरी वारसा संकुलाचे मोठे काम सुरू झाले, त्यामुळे रस्ता आणि प्रवेशाची वाट यांबाबत मागील वर्षाच्या आठवणीवर विसंबून चालत नाही. शिवाय तो हौद खोल आहे आणि पावसाळ्यानंतर त्यात पाणी साचलेले असते. मुले कोणत्या वाटेने चालतील, भिंतीपासून किती अंतर राखतील, कोणता शिक्षक कोठे उभा राहील, हे मी आदल्या पंधरवड्यात तेथे उभी राहून कागदावर काढून आणीत असे. गणती प्रत्येक वेळी नाव घेऊन, डोकी मोजून नव्हे. डोकी मोजताना दुसऱ्या शाळेचे मूलही हिशेबात जमा होते! चालकाला जेवण पहिल्या पंगतीत आणि त्यानंतर तासभर झोप. अंधार पडण्यापूर्वी शहरात परत.

हे झाले काळजीचे. परंतु नुसती काळजी घेऊन मूल सुखरूप घरी आणले, तर ते घरातच काय वाईट होते? नेण्यासारखे काही तरी हवे, आणि ते म्हणजे प्रश्न.

लोथलचा तो हौद कशासाठी होता, याविषयी विद्वानांत एकमत नव्हते. राव यांनी ती जहाजांची गोदी मानली. लॉरेन्स लेश्निक यांच्यासारख्या अभ्यासकांनी ते पाणी साठविण्याचे तळे असावे असे मांडले. २०२४ साली गांधीनगरच्या आय.आय.टी.तील संशोधकांनी उपग्रहांच्या छायाचित्रांवरून साबरमतीचा जुना प्रवाह लोथलजवळून जात असल्याचे दाखविले आणि गोदीच्या बाजूला बळ मिळाले. सहावीच्या पुस्तकात ‘लोथल हे बंदर होते’ एवढे एक वाक्य असते. मूल ते पाठ करते आणि परीक्षेनंतर विसरते. मी ते वाक्य फळ्यावर लिहून त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह काढीत असे. गोदी की तळे? तुम्ही न्यायाधीश. पुरावा पाहून या आणि निकाल द्या.

एवढ्याने वर्गाचा नूर पालटतो. सहलीच्या आठवडाभर आधी मुले शाळेच्या मैदानावर वीस मीटर अंतर चालून आपले पाऊल किती सेंटिमीटरचे ते काढतात; हे गणिताच्या शिक्षकांच्या तासाला होते आणि त्यांनाही ते आवडते. भूगोलाच्या तासाला नकाशावर भोगावो आणि साबरमती शोधतात, खंभातचे आखात आज तेथून किती दूर आहे ते पट्टीने मोजतात, आणि ‘मग समुद्र होता कोठे?’ असे आपणहून विचारतात. लोथलला पोहोचल्यावर दहा-दहांच्या तुकड्या हौदाच्या बाजूने ठरलेल्या वाटेने पावले मोजीत जातात. कोणाची तीनशे चाळीस होतात, कोणाची तीनशे ऐंशी, आणि आकडे का जुळत नाहीत यावर तेथेच भांडण जुंपते. ते भांडण मी कधी मोडले नाही. दुसरी तुकडी दक्षिणेच्या भिंतीतील जादा पाणी सोडण्याची वाट दुरून पाहून तिचे चित्र काढते. तिसरी वखारीच्या चौथऱ्याकडे जाते.

वखारीपाशी मात्र मी स्वतः बोलत असे, कारण ती गोष्ट सांगितल्यावाचून दिसत नाही. येथे मालाच्या गाठींना मातीचे ठसे लावून मुद्रा उठवीत. वखारीला आग लागली, माल जळून गेला, पण ते ओल्या मातीचे ठसे भाजून पक्के झाले आणि टिकले. त्यांच्या पाठीवर दोरीचे आणि गाठींच्या आवरणाचे वळ आजही ओळखता येतात. चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वी कोणी तरी एक गाठ आवळली, आणि तिचा पीळ आपल्याला दिसतो. हे ऐकताना अकरा वर्षांचे मूल कसे स्तब्ध होते ते पाहावयाचे असेल, तर एकदा स्वतः यावे. त्यानंतर संग्रहालयात शिरले की काचेआडचे ठसे मुले धावत जाऊन शोधतात. तोच क्रम उलटा ठेवला, आधी संग्रहालय आणि मग उत्खनन, तर ठशांपुढून ती न थांबता निघून जातात.

जेवणाविषयी काय सांगावे! डबे उघडले की आमच्या मराठी मुलांची गूळपोळी थेपल्यांच्या बदल्यात क्षणात नाहीशी होते. आईने दोन जास्त द्याव्यात.

आता एक अवघड गोष्ट, आणि ती मंडळापुढे मुद्दाम मांडते. दरवर्षी वर्गातील दोन-तीन मुले फॉर्म परत आणीत नाहीत. ‘गावी लग्न आहे,’ ‘बाबा नको म्हणतात.’ तीस वर्षांनंतर ही लग्ने कोणती ते मला पाठ झाले आहे. बसभाडे आणि जेवण यांचा खर्च त्या घराला झेपत नाही, आणि मूल ते बोलून दाखवीत नाही. सहलीनंतर महिनाभर वर्ग लोथलविषयी बोलत असतो आणि ते मूल गप्प असते. म्हणून ठिकाण निवडतानाच खर्च सर्वांत गरीब घराच्या अंगाने बघावा. दूरची दोन मुक्कामांची सहल रद्द करून जवळची एका दिवसाची करावी, आणि तरीही उरलेला भार कोणाचे नाव न घेता उचलावा. आपल्या मंडळाने सुवर्णमहोत्सवाच्या निधीतून या शहरातील मुलांसाठी असा लहानसा वाटा वेगळा काढावा, अशी माझी विनंती आहे. केवळ मराठी मुलांसाठी नव्हे. पन्नास वर्षे या शहराने आपल्याला सामावून घेतले आहे.

परतल्यावर दुसऱ्या दिवशी वर्गात खटला चालतो. गोदीवाले एका बाजूला, तळेवाले दुसऱ्या बाजूला. वही उघडून पुरावा दाखविल्याखेरीज बोलावयाचे नाही. बहुतेक वर्षी गोदीवाले जिंकत, पण एका वर्षी सहावीतील एक अबोल मुलगी शेवटी उभी राहिली. तिने हौदाची रुंदी पावलांनी दोनदा मोजली होती. ती म्हणाली, “बेन, जहाज आत आले असेल, तर ते वळले कोठे?”

वर्गात कोणालाच उत्तर देता आले नाही. मीही दिले नाही. पुढच्या वर्षीच्या तुकडीला मी तोच प्रश्न दिला, आणि ती मुले मैदानावर हौदाचा नकाशा खडूने आखून, दोरीला बांधलेली खोकी ओढीत, जहाज वळविण्याच्या खटपटीला लागली.