गिअर नंतर, आधी सांगाडा बघा
(सामुदायिक रेडिओवरील भाषणाचा मजकूर)



जून जवळ आला की सेलूत सायकलीच्या दुकानांवर मायलेकी दिसायला लागतात. लेक आठवीत नाहीतर अकरावीत गेलेली असते, शाळा गावापासून चार-पाच किलोमीटर, आणि एसटीची वेळ काही शाळेच्या वेळेशी जुळत नाही. मग सायकल घ्यायची ठरते. मी सायकल दुरुस्तीचं काम करते, त्यामुळे हे रोज बघते. लेकीचं बोट असतं जाड टायरच्या, पुढे-मागे स्प्रिंग असलेल्या रंगीत सायकलीवर, आणि आईचं बोट किमतीच्या चिठ्ठीवर. "गिअरची आहे का?" हा पहिला प्रश्न. सांगाड्याकडे, म्हणजे ज्याला आपण फ्रेम म्हणतो त्याच्याकडे, कुणी बघत नाही. टायर, चेन, पायडल, सीट, ब्रेक, सगळं पुढे बदलता येतं. फ्रेम बदलायची म्हणजे सायकलच बदलायची. आणि न पेलणारी सायकल दिवाळीपर्यंत गोठ्यात जाऊन उभी राहते. मग लेकीच्या शाळेचं काय होतं, ते तुम्हाला मी सांगायला नको.

ही जाड टायरची सायकल, माउंटन बाईक, आली कुठून ते आधी ऐका. १९७० नंतरच्या वर्षांत अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या मरिन भागात काही तरुण मंडळी माउंट टॅमलपायस नावाच्या डोंगरावरून जुन्या सायकली खाली पळवायची. त्या सायकली त्यांच्या आधीच्या पिढीच्या, जाड टायरच्या, पोलादी. उतारावर मागचा ब्रेक इतका तापायचा की हबमधलं ग्रीस जळून जायचं. खाली पोचलं की हब खोलून पुन्हा ग्रीस भरायचं. म्हणून त्या भागातल्या एका उताराचं नावच 'रीपॅक' पडलं, म्हणजे पुन्हा भरा. त्यांच्यात वेंडी क्रॅग नावाची एक बाईही सायकल पळवायची, आणि त्या दिवसांचे फोटोही तिनेच काढून ठेवले. १९७७ साली जो ब्रीझ याने खास डोंगरासाठी फ्रेम बांधली, तीही पोलादी नळ्यांची. तिला पुढे स्प्रिंग नव्हती आणि मागेही नव्हती. डोंगर उतरायला ज्यांना स्प्रिंग लागली नाही, त्यांची सायकल आपल्या पांदीच्या रस्त्याला का पुरणार नाही?

तर पहिली गोष्ट, मागे स्प्रिंग असलेली सायकल घेऊ नका. स्वस्तातल्या सायकलीची मागची स्प्रिंग खड्डा फारसा झेलत नाही, उलट पायडल मारताना दाबली जाते. लेकीच्या पायातला जोर चाकाला मिळण्याआधी स्प्रिंगच खाते. शिवाय वजन वाढतं, आणि मधला सांधा ढिला झाला की मागचं चाक डुलायला लागतं. पुढे शॉकअप आणि मागे सरळ नळ्या अशा सायकलीला हार्डटेल म्हणतात. ती चालेल. पण स्वस्त शॉकअपही काही वर्षांत गंजून दगडासारखा घट्ट होतो, तेव्हा साधा पोलादी चिमटा असलेली मिळाली तर मी तीच घ्या म्हणेन. दुकानदार म्हणेल, "ताई, ही जुनी फॅशन आहे." म्हणू द्या.

दुसरी गोष्ट, पोलाद की ॲल्युमिनियम. ॲल्युमिनियम हलकं असतं आणि गंजून झडत नाही, हे खरं. पण ते तडकलं की आपल्या गावातल्या वेल्डिंगवाल्याच्या हातात राहत नाही. त्याला वेगळं मशीन लागतं, आणि जोडल्यावरही पहिला जोर परत येत नाही. पोलादाचं तसं नाही. ते बहुधा आधी वाकतं, रंगाला चीर पडते, म्हणजे सूचना मिळते. नांगराचा फाळ आणि ट्रॉलीचा हूक जोडणारा माणूस सायकलीची पोलादी नळीही जोडू शकतो. दुकानात फसायचं नसेल तर लोहचुंबक न्या. बिघडलेल्या जुन्या रेडिओच्या स्पीकरमधलं काढलं तरी चालतं. फ्रेमला चिकटलं तर पोलाद, सटकलं तर ॲल्युमिनियम. पोलादातही क्रोमोली नावाचं हलकं पोलाद असतं, पण ते महाग, आणि शाळेच्या सायकलीला त्याची गरज नाही.

आता माप. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. दुकानात "सव्वीसची सायकल" म्हणतात ते चाकाचं माप, सव्वीस इंच. फ्रेमचं माप वेगळं असतं. पायडलच्या धुरीच्या मध्यापासून सीटच्या नळीच्या वरच्या टोकापर्यंत जेवढे इंच, ते फ्रेमचं माप. चाक सव्वीसचंच, पण फ्रेम चौदाची, सोळाची, अठराचीही असू शकते. पाच फुटांच्या आसपासच्या मुलीला साधारण चौदा ते सोळा इंची फ्रेम बसते. "पोरगी वाढतीय, मोठीच घ्या" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. फ्रॉक मोठा चालतो, सायकल नाही. पाय टेकत नाही म्हणून पोरगी घाबरते, आणि घाबरलेली पोरगी ट्रक आला की रस्ता सोडून मुरमात उतरते.

दुकानात तिला सायकलीवर दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून, सपाट चपलेत उभं करा. दांडी आणि अंग यांच्यात दोन-तीन इंच मोकळे राहिले पाहिजेत. मग सीटवर बसवा आणि पायडल सगळ्यात खाली आणून त्यावर टाच ठेवायला सांगा. गुडघा जवळपास सरळ झाला की सीटची उंची बरोबर. सीटच्या दांड्यावर एक रेघ असते, ती नळीच्या बाहेर दिसता कामा नये. रेघ दिसेपर्यंत दांडा ओढावा लागतो म्हणजे फ्रेमच लहान आहे.

साडी नेसणाऱ्या मैत्रिणी विचारतात, खाली वाकलेल्या दांडीची लेडीज सायकल घ्यावी का? चढायला-उतरायला सोपी, म्हणून जरूर घ्या. पण तिचं गणित समजून घ्या. पत्र्याच्या शेडची कैची त्रिकोणाची का असते? त्रिकोण ताण घेतो, चौकोन मुरगळतो. वरची आडवी दांडी फ्रेमचा त्रिकोण बांधते. ती खाली आणली की नळ्या जाड घ्याव्या लागतात, नाहीतर मागे कडब्याची पेंढी बांधली की सायकल वळवळते. म्हणून कॅरिअरवर वजन ठेवून चालवून बघा. तमिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९१ च्या सुमाराला साक्षरता मोहिमेबरोबर बायका सायकल शिकल्या, एक लाखाहून जास्त. तिथल्या कलेक्टर शीला राणी चुंकत यांनी त्याला जोर दिला होता. तिथे लेडीज सायकली पुरेनात, तेव्हा बायकांनी जेन्ट्स सायकली घेतल्या. पुढे कित्येकींना त्याच आवडल्या, कारण वरच्या दांडीवर लेकरू बसवता येतं!

आपल्या काळ्या जमिनीचं एक वेगळंच आहे. पावसात तो चिखल टायरला चिकटतो आणि मडगार्डमध्ये असा भरतो की चाक फिरतच नाही. सायकल खांद्यावर घेऊन चाललेल्या पोरी तुम्ही पाहिल्या असतील. म्हणून टायर आणि फ्रेम यांच्यामध्ये दोन्ही बाजूंनी बोट सहज जातंय का बघा, मडगार्डखालीही. मागच्या धुरीजवळ कॅरिअर बसवायला भोकं आहेत का तेही बघा. फॅशनच्या सायकलींना ती नसतात, मग दप्तर पाठीवर आणि डबा हँडलला.

जुनी सायकल घेणार असाल तर सोबत सुतळी न्या. एक टोक मागच्या धुरीच्या एका बाजूला बांधा, सुतळी हँडलखालच्या नळीला पुढून वळसा घालून धुरीच्या दुसऱ्या बाजूला ओढून बांधा. मग सीटच्या नळीपासून दोन्हीकडची सुतळी किती लांब आहे ते मोजा. अंतर सारखं आलं तर फ्रेम सरळ. फरक डोळ्याला दिसला तर ती कधीतरी जोरात आपटलेली आहे, कितीही चकचकीत रंग असो. पुढच्या नळीच्या जोडाखाली रंगाला सुरकुती किंवा चीर दिसली, तर फुकट दिली तरी नको.

पोलादाचा एकच शत्रू, गंज. आणि तो आतून लागतो. पावसाळा संपला की सीट काढून सायकल उलटी करा, आतलं पाणी निथळू द्या, नळीत चमचाभर तेल सोडा, सीटच्या दांड्याला ग्रीस लावून परत बसवा. कॅरिअरवरून खताची गोणी आणली असेल तर त्याच दिवशी ओल्या फडक्याने पुसून मग कोरडी करा. सांडलेलं खत ओलीत लोखंड खातं.

शेवटी पैशांचं. मानव विकास कार्यक्रमाखाली राज्यातल्या १२५ तालुक्यांमध्ये, शाळेपासून ५ किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी मदत मिळते. २०२२ मध्ये ती ३,५०० वरून ५,००० रुपये झाली. पैसे मुलीच्या खात्यात येतात, म्हणजे सायकल कोणती घ्यायची ते तुम्हीच ठरवता. शाळेत मुख्याध्यापकांना विचारा, खातं आधी उघडून ठेवा आणि पक्कं बिल मागा. बिलावर फ्रेमचा नंबर लिहून घ्या. तो बहुतेक वेळा पायडलच्या धुरीखाली ठोकलेला असतो, सायकल उलटी केली की दिसतो. तोच नंबर बचत गटाच्या वहीतही लिहून ठेवा. सायकल चोरीला गेली तर पोलीस ठाण्यात पहिल्यांदा तोच विचारतात.