जादा पाटा



मी कवितेचा माणूस. बी.ए.ला मराठी घेतले, एका शाळेत लिपिकाची नोकरी धरली आणि उरलेल्या वेळात कविता लिहिल्या. पाना, जॅक, टामी या वस्तू आमच्या घरात होत्या, पण त्या धाकट्या भावाच्या. मी त्यांना कधी हात लावला नव्हता. वयाच्या छपन्नाव्या वर्षी मी चिखलीच्या आमच्या अंगणात गाडीखाली उताणा पडलो होतो आणि तोंडावर गंजाचा भुगा पडत होता. ते कसे घडले, ते आज सांगणार आहे.

आमच्याकडे जुनी मारुती व्हॅन आहे. ही गाडी 1984 साली आली, पुढे तिचे नाव ओम्नी झाले आणि 2019 मध्ये तिचे उत्पादन बंद पडले. नाव बदलले तरी आमच्याकडे सगळे तिला व्हॅनच म्हणतात. आमच्या जिल्ह्यात तिच्यातून मुले शाळेत गेली, वऱ्हाडी लग्नाला गेले आणि आजारी माणसे दवाखान्यात गेली. बुलढाण्याला रेल्वे नाही. गाडी पकडायची तर राजूरचा घाट उतरून मलकापूर गाठावे लागते. त्यामुळे चार चाकांवर जे चालेल ते आमचे.

भाऊ बाजार करतो. तयार कपड्यांचे गठ्ठे भरायचे आणि चिखली, धाड, मोताळा, मेहकर असे आठवडी बाजार फिरायचे. त्याने ही व्हॅन जुनीच घेतली. पहिल्याच पावसाळ्यात गठ्ठ्यांच्या वजनाने तिचा मागचा भाग इतका बसला, की खड्ड्यात खालून ठोका बसायचा. तेव्हा बाजारकरी मंडळी जे करतात तेच त्याने केले. मागच्या दोन्ही बाजूंना एकेक जादा पाटा टाकून घेतला.

पाटा म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. व्हॅनचे इंजिन पुढच्या सीटखाली, पण ओढ मागच्या चाकांना. त्या मागच्या धुऱ्यावर गाडीचा भार कमानदार पोलादी पट्ट्यांनी तोललेला असतो. एकाखाली एक, लांबीने कमी कमी होत जाणाऱ्या या पट्ट्या म्हणजे पाटे. चाक खड्ड्यात आपटले की कमान सपाट होते आणि पुन्हा वर येते. टांग्याच्या कमानीही याच जातीच्या. मलकापूर स्टेशनच्या टांग्यात लहानपणी बसलो आहे, म्हणून सांगतो. पट्ट्या वाढवल्या की कमान ताठ होते आणि भार पेलते. पण गाडी रिकामी असली की तीच कमान गाडीला मागून उचलून धरते. आमची व्हॅन उभी असली की सलाम करताना वाकल्यासारखी दिसायची. पुढून खाली, मागून वर. आम्ही हसायचो. त्यात काही वावगे आहे असे कुणाला वाटले नाही.

गेल्या वर्षी अम्मी ओट्यावरून पडली आणि तिच्या खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, ती नीट झाली. पुढे आठवड्यातून दोनदा तिला व्यायामासाठी बुलढाण्याला न्यायचे होते. चढताना चांगला पाय आधी टाकायचा, उतरताना दुखरा आधी, असा नियम तिला शिकवला होता. तिने तो पाठ केला. पण व्हॅनच्या सरकत्या दाराशी आली, की पाय उंबऱ्यापाशी अडायचा. अंगठ्याएवढे अंतर कमी पडायचे. मग आम्ही दोघे भाऊ तिला बगलेत धरून उचलायचो. जिने आम्हाला नाही, तर आमच्या मुलांनाही कडेवर घेऊन वाढवले, तिला असे उचलून ठेवताना तिच्या चेहऱ्याकडे बघवत नसे. ती दाराच्या कडेकडे बघत राहायची.

आम्ही लाकडी पाट ठेवून पाहिला. पाटावर ती उभी राहिली, की धरायला काही जवळ नसे. एकदा पाट सरकला. पडली नाही, पण त्यानंतर पाट नको म्हणाली.

आणि चढणे हे तर अर्धेच. रिकामी गाडी ताठ पाट्यांवर टणाटणा उडायची. चिखली ते बुलढाणा रस्त्यावरचा प्रत्येक गतिरोधक तिच्या खुब्यात जायचा. तिसऱ्या खेपेला ती म्हणाली, "आता व्यायाम पुरे. घरातच चालेन." ती घरात चालणार नव्हती, हे आम्हाला माहीत होते. अशी माणसे खाटेला लागतात.

मी भावाला म्हटले, "जादा पाटे काढू या." तो काही बोलला नाही. त्याचे गप्प राहणे मला समजत होते. पाटे काढले, की गठ्ठे निम्मे. गठ्ठे निम्मे म्हणजे बाजारही निम्मा. माझा पगार महिन्याला ठरलेला. त्याचा त्या पाट्यांवर तोललेला. त्याला हे सांगायला मला किती सोपे गेले, याची लाज मला दुसऱ्या दिवशी वाटली. त्या दिवशी नाही वाटली.

दरम्यान पुतण्याने एक तोडगा आणला. म्हणे पाटे खोलायचे कशाला, गॅसच्या ज्योतीने जरा तापवले की कमान आपोआप बसते. काही पोरे गाडी खाली दिसावी म्हणून असेच करतात. सुदैवाने हे बोलणे आमच्या ओळखीच्या मिस्त्रीमामूंसमोर झाले. साठीचे गृहस्थ, पाट्यांच्या कामात जन्म गेलेला. ते म्हणाले, "बाप्पा, असं नका करू. पोलाद तापवलं त त्याचं पानी उतरते. मंग तो पाटा नाही, पत्रा हाय. कवा तुटन, सांगता येत नाही. न तुटते तवा घाटातच तुटते." पोलादाला पाणी देणे, हा शब्दप्रयोग मी कवितेत दोनदा वापरला आहे. तो नेमका कशाचा आहे, हे त्या दिवशी कळले. स्प्रिंगचे पोलाद आधी लाल तापवून तेलात विझवतात, मग पुन्हा बेताने तापवून त्याचा कडकपणा थोडा उतरवतात. त्या दोन तापांच्या हिशेबात त्याची लवचीकता असते. तिसरा ताप रस्त्यावरच्या ज्योतीने दिला, की तो हिशेब गेला.

मामूंना गुडघ्यांमुळे गाडीखाली जाता येत नव्हते. ते म्हणाले, "तुमी करा, मी खाटेवर बसून सांगतो."

ठरल्या दिवसाच्या आदल्या रात्री मी पाणी प्यायला उठलो, तर अंगणात बॅटरीचा उजेड. भाऊ गाडीखाली होता. यू-बोल्टच्या गंजलेल्या नटांवर डिझेल ओतत होता, म्हणजे सकाळी ते सुटतील. मी हाक मारली नाही. परत येऊन पडलो.

सकाळी फजरनंतर सुरुवात केली. पुढच्या चाकांना दगडांच्या उट्या, गाडी गिअरमध्ये. मागून जॅकने उचलली आणि चौकटीखाली लोखंडी घोड्या लावल्या. मी विटा आणल्या होत्या, त्या मामूंनी फेकायला लावल्या. वीट भाराखाली कधी फुटेल सांगता येत नाही, आणि नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली शिरणारा माणूस मूर्ख, असे त्यांचे स्पष्ट मत. चाके काढली, धुऱ्याखाली दुसरा जॅक टेकवला, शॉकअपचे खालचे बोल्ट सोडले, मग यू-बोल्ट. शेवटचा मधला बोल्ट, ज्यात सगळे पाटे ओवलेले असतात. तो सोडण्याआधी मामूंनी पाट्यांना शिकंज्याने आवळायला सांगितले. दाबून धरलेल्या कमानी सुटल्या, तर हात फोडतात. शिकंजा हळूहळू सैल केला आणि खालचा जादा पाटा माझ्या हातात आला. मला वाटले होते तो जड असेल. तो उबदार होता. मे महिन्यातले ऊन चढायला लागले होते, दुसरे काही नाही.

दुसरी बाजूही तशीच केली. एकाच बाजूचा काढला, तर गाडी तिरपी होते. नवे यू-बोल्ट आणि नवा, आखूड मधला बोल्ट लागला. जुना लांब पडत होता. यू-बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उतरवून, भार आल्यावर. शंभरेक किलोमीटर चालल्यावर पुन्हा एकदा. ब्रेकची रबरी नळी कुठे ताणली जात नाही ना, तेही बघायचे. कंपनीने दिलेल्या उंचीच्या खाली मात्र जायचे नाही, हे मामूंनी तीन वेळा बजावले. कायदाही तेच म्हणतो. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 आहे, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले, की कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत मनाने फेरफार करता येत नाहीत. म्हणजे आम्ही त्या दिवशी गाडी बदलली नाही. बदलली होती ती आधी. आम्ही ती परत आणली.

पट्टी लावून मोजले. मागे अडीच इंच उतरली होती. सरकत्या दाराशी मात्र दीडच. मी खट्टू झालो. मामू म्हणाले, "मंग? पुढलं चाक जागेवर, मागलं खाली गेलं. झोक्याचा मधला भाग तेवढाच उतरन न." हे मला शाळेत शिकवले होते.

संध्याकाळी अम्मीला दाराशी आणले. तिने चांगला पाय उचलला, उंबऱ्यावर टेकला. टेकला. मग सीटची कड धरली आणि दुखरा पाय आत ओढून घेतला. आम्ही दोघे हात पुढे करून उभे होतो, ते हात तसेच राहिले. आत बसल्यावर ती ओढणी सारखी करत म्हणाली, "बघता काय? चला."

एक चूक आमच्याकडून झाली, तीही सांगतो. पहिल्याच खेपेला परत येताना अंधार पडला. समोरून येणारा प्रत्येक जण आमच्यावर डिपर मारत होता. भाऊ वैतागला, मीही. साखळी खुर्दपर्यंत आम्ही लोकांना शिव्या देत होतो. मग त्याच्या लक्षात आले. गाडी मागून उंच होती तेव्हा दिव्यांचा झोत खाली पडायचा, म्हणून कधीतरी तो वर करून घेतलेला होता. आता मागचे खाली आले आणि तोच झोत समोरच्यांच्या डोळ्यांत जाऊ लागला. घरी येऊन भिंतीवर खडूने रेघ मारून तो खाली आणला. पाटे काढणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

अम्मीचा व्यायाम पाच महिने चालला. आता ती काठीने मशिदीच्या गल्लीपर्यंत जाऊन येते. भाऊ धाड आणि मेहकरचे बाजार करत नाही. जवळचे दोन करतो आणि उरलेल्या दिवशी एका दुकानात बसतो. त्याबद्दल आमच्यात बोलणे झालेले नाही.

ते दोन पाटे त्याने टाकले नाहीत. पुसून, तेल लावून, पोत्यात गुंडाळून खाटेखाली ठेवले आहेत. मागच्या महिन्यात घर झाडताना अम्मीच्या काठीला ते पोते लागले. "काय आहे यात?" तिने विचारले. मी म्हटले, "पाटा." तिला वाटले वाटणाचा पाटा. वरोटा कुठे आहे म्हणाली. मी सांगितले, गाडीचे आहेत, तुझ्यासाठी काढलेले. तिने काठीने पोते पुन्हा खाटेखाली सारले.

"नीट ठेवा," ती म्हणाली, "मागून लागतील त्याला."